जुन्या मोटारीचा जीर्णोद्धार



या व्याख्यानमालेच्या चालकांचे निमंत्रण आले तेव्हा त्यांची काहीतरी गफलत झाली असावी, असेच मला प्रथम वाटले. ज्या व्यासपीठावरून विद्वानांनी ज्ञानेश्वरीवर, अर्थकारणावर आणि राज्यघटनेवर बोलावे, तेथे पदार्थविज्ञान शिकवून निवृत्त झालेल्या एका शाळामास्तराने मोटारीविषयी काय सांगायचे? पण चालकांनी आग्रह धरला आणि मी होकार दिला. वाईकरांना घाट म्हटला की आधी कृष्णेचा घाट आठवतो. आज मी बोलणार आहे तो आपल्या डोक्यावरच्या दुसऱ्या घाटाविषयी, आणि त्या घाटाने मला व माझ्या मोटारीला जे शिकवले त्याविषयी.

मोटार कोणती, हे आधी सांगतो. ती एम. जी. कंपनीची 'टी. सी.' नावाची, १९४८ साली बांधलेली, दोन माणसांची उघडी गाडी आहे. हल्लीच्या मुलांना एम. जी. म्हटले की गुजरातेत हालोल येथे २०१९ पासून तयार होणाऱ्या मोठ्या बंदिस्त मोटारी आठवतात. ते नाव आता एका चिनी कंपनीच्या मालकीचे आहे. मूळ अक्षरे 'मॉरिस गॅरेजेस' यांची. विल्यम मॉरिस यांच्या ऑक्सफर्डमधील त्या विक्री-दुरुस्तीच्या दुकानाचे सेसिल किंबर हे व्यवस्थापक होते. साध्या मॉरिस गाडीच्या सांगाड्यावर हलके, देखणे शरीर चढवले तर तरुण माणूस ती आनंदाने घेईल, हे त्यांनी ओळखले. पुढे ऑक्सफर्डजवळ ॲबिंग्डन येथे कारखाना निघाला आणि तो १९८० पर्यंत चालला. किंबर स्वतः १९४५ च्या फेब्रुवारीत लंडनच्या किंग्ज क्रॉस स्थानकाजवळ रेल्वे अपघातात दगावले. महायुद्ध संपल्यावर त्याच वर्षी जी पहिली एम. जी. बाहेर पडली ती टी. सी. त्यांना ती पाहता आली नाही.

१९४५ ते १९४९ या काळात अशा सुमारे १०,००० गाड्या निघाल्या आणि त्यांतील पुष्कळशा परदेशी गेल्या. सुमारे २,००० अमेरिकेत गेल्या. मौज अशी की, तिकडे वाहने रस्त्याच्या उजव्या बाजूने चालतात, पण टी. सी. चे सुकाणूचक्र तिकडेही उजवीकडेच राहिले. १९६१ साली मोटारशर्यतींचा जगज्जेता झालेला अमेरिकन फिल हिल यानेही आपल्या शर्यतींचा श्रीगणेशा टी. सी. नेच केला होता. आता ही फार बलवान गाडी असेल, असे कोणाला वाटेल. तसे नाही. तिचे इंजिन १,२५० घनसेंटिमीटरचे आणि ५४ अश्वशक्तीचे. आजच्या बहुतेक लहान घरगुती मोटारी तिच्याहून जोरकस असतात. तिचे वैशिष्ट्य बळात नाही, हलकेपणात आहे. वजन जेमतेम ८०० किलो, चाके तारांची, उंच आणि बारीक, आणि सुकाणूचक्र एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत न्यायला दीड-पावणेदोन वेढे पुरतात. चक्र थोडे हलवले की गाडी वळते. म्हणूनच ती सरळ रस्त्यापेक्षा वळणांच्या रस्त्यावर शोभते.

माझ्याकडे ती आली २००९ साली. एका डॉक्टरांच्या वाड्यातील पडवीत ती कित्येक वर्षे उभी होती. वर गवताचे भारे, आत कोंबड्या. लहानपणी ते डॉक्टर हिच्यातून रोग्यांकडे जाताना मी पाहिले होते. त्यांच्या वारसांना पडवी मोकळी करून हवी होती, आणि मला माझे लहानपण परत हवे होते. व्यवहार ठरायला वेळ लागला नाही. गाडी नीट करायला मात्र पाच वर्षे लागली.

येथे मला तुमच्यापुढे एक प्रश्न ठेवायचा आहे. आपल्याकडे 'जीर्णोद्धार' हा शब्द देवळाच्या संबंधात वापरतात. जीर्णोद्धार म्हणजे काय? मोडकळीस आलेला खांब सावरणे, गळणारे शिखर बंद करणे, हा जीर्णोद्धार. पण कित्येक गावांत काय होते, ते आपण पाहतो. काळ्या पाषाणाच्या भिंतींवर तैलरंगाचे थर चढतात, गाभाऱ्यात न्हाणीघरासारख्या चकचकीत फरश्या बसतात, आणि लोक म्हणतात, "देऊळ कसे नवे दिसते!" मी म्हणतो, हीच तर तक्रार आहे. मोटारीचेही तेच. रंग, क्रोमचा मुलामा आणि तांबड्या चामड्याच्या गाद्या यांनी गाडी तीन महिन्यांत नवी दिसू लागते. ती नीट झाली की नाही हे प्रदर्शनाच्या मांडवात कळत नाही. ते घाटात कळते.

आमच्या गाडीचा उद्धार ज्यांनी केला ते मिस्त्री चौथी शिकलेले होते. मी त्यांचे नाव घेत नाही, कारण आपले नाव भाषणात वगैरे आलेले त्यांना आवडले नसते. ते मला मास्तर म्हणत आणि मी त्यांना मिस्त्री. पहिल्याच दिवशी त्यांनी मला वीस रिकामे डबे आणि एक वही आणायला सांगितले. प्रत्येक खिळा, प्रत्येक बोल्ट कोठून निघाला ते वहीत लिहायचे आणि डब्यावर आकडा टाकायचा. मला ती कटकट वाटली. तिचे मोल लौकरच कळले.

एके रविवारी मिस्त्री आले नव्हते. इंजिनाचा एक बोल्ट झिजलेला दिसला. मी मापून पाहिला. जाडी बरोबर आठ मिलिमीटर. बाजारातून आठ मिलिमीटरचा नवा बोल्ट आणला आणि बसवू लागलो. दोन आटे सहज गेला, मग अडला. मी पान्यावर जोर दिला. करकर असा आवाज झाला आणि इंजिनाच्या ओतीव भागातले आटे खरवडून निघाले. दुसऱ्या दिवशी मिस्त्रींनी ते पाहिले. रागावले नाहीत. जुना बोल्ट माझ्या हातावर ठेवून म्हणाले, "मास्तर, आटे मोजा." मोजले तेव्हा उलगडा झाला. बाजारातल्या बोल्टाच्या आट्यांमध्ये सव्वा मिलिमीटर अंतर असते, या बोल्टात एकच मिलिमीटर होते. आणि त्याच्या डोक्याला पाना लागतो तो मिलिमीटरचा नव्हे, तर इंग्रजी व्हिटवर्थ मापाचा! म्हणजे धड फ्रेंच आणि डोके इंग्रज. याचे कारण असे की, १९२३ साली मॉरिस यांनी कॉव्हेंट्री येथील हॉचकिस या फ्रेंच कंपनीचा कारखाना विकत घेतला. तेथील यंत्रे फ्रेंच पद्धतीचे आटे पाडणारी होती. ती मोडीत काढण्याऐवजी आटे तसेच ठेवले आणि इंग्रज कारागिरांच्या पान्यांना बसतील अशी डोकी केली. काटकसरीचा तो निर्णय पंचवीस वर्षांनी माझ्या गाडीत उतरला होता, आणि त्याचा दंड मी वाईत भरला. जुन्या वस्तूत जे विचित्र दिसते त्याला बहुधा कारण असते. ते कळेपर्यंत हात आवरावा, हा धडा मी त्या दिवशी घेतला.

आता लाकडाविषयी. या गाडीचा बाहेरचा पत्रा आतल्या लाकडी चौकटीवर ठोकलेला असतो. ते लाकूड ॲश नावाच्या झाडाचे. क्रिकेटच्या यष्टी ज्या लाकडाच्या करतात तेच ते, चिवट आणि धक्का सोसणारे. आमच्या गाडीत वाळवीने त्याचा भुगा केला होता, आणि मध्येच कोणीतरी दोन ठिकाणी लोखंडी अँगल ठोकून दिले होते. अँगल मजबूत खरे, पण खड्ड्यात गाडीचा सांगाडा थोडा पीळ खातो. लाकूड त्याच्याबरोबर लवते, अँगल लवत नाही, मग शेजारचा पत्रा तडकतो. तसा तो तडकलाही होता. ॲश आपल्याकडे मिळेना. शेवटी बैलगाड्या बांधण्यात आयुष्य गेलेले एक वृद्ध सुतार आले. त्यांनी सांधे हाताने चाचपले आणि म्हणाले, "ही तर गाडीच आहे की!" त्यांच्या लेखी गाडी म्हणजे बैलगाडी. एका पाडलेल्या वाड्याच्या तुळईचे, चांगले मुरलेले सागवान त्यांनी निवडले आणि जुन्या तुकड्यांवरून माप घेऊन चौकट उभी केली.

यावर एका शौकिनांनी मला विचारले, "मग ही गाडी अस्सल राहिली का?" प्रश्न योग्य आहे, आणि आता तो कायद्यातही आला आहे. केंद्र सरकारने २०२१ साली पन्नास वर्षांपेक्षा जुन्या खाजगी गाड्यांच्या नोंदणीसाठी वेगळे नियम केले. त्यांत गाडी मूळ रूपात असावी, तिच्यात मोठा फेरफार झालेला नसावा, अशी अट आहे, आणि त्या नियमांखाली नोंदलेली गाडी रोजच्या वापरासाठी रस्त्यावर आणता येत नाही. पण मूळ रूप म्हणजे काय? माझे उत्तर त्या वहीत आहे. कोणता भाग १९४८ चा, कोणता आम्ही बदलला, कशासाठी, केव्हा, हे सारे तिच्यात लिहिलेले आहे. सागवान घातले त्याची लाज नाही. सागवानाला ॲश म्हणून मिरवले असते तर लाज वाटायला हवी होती. अस्सलपणा म्हणजे काहीही न बदलणे नव्हे, तर बदललेले न लपवणे, असे माझे नम्र मत आहे.

इंजिनाचे फार सांगत नाही. एकच गोष्ट सांगतो. या गाडीला दोन कार्बोरेटर असतात आणि दोघांनीही सारखाच वारा ओढला पाहिजे, नाहीतर इंजिन लंगडते. ते जुळवण्यासाठी मिस्त्री रबराच्या नळीचे एक टोक कानाला आणि दुसरे कार्बोरेटरच्या तोंडाला लावीत. एकाचा फुसकार ऐकायचा, मग दुसऱ्याचा, आणि दोन्ही एका सुरात येईपर्यंत स्क्रू फिरवायचे. तंबोरा लावणाऱ्या माणसाच्या चेहऱ्यावर जो भाव असतो तो मी त्या वेळी त्यांच्या चेहऱ्यावर पाहिला आहे. अलीकडे पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल येऊ लागले आहे, आणि जुन्या रबरी नळ्यांना व बुचाच्या वायसरांना ते सोसत नाही. म्हणून त्या सगळ्या बदलाव्या लागल्या. ही नोंदही वहीत आहे.

असो. २०१४ च्या डिसेंबरात गाडी रंगून तयार झाली. रंग हिरवा. लोक थांबून पाहात. मला अभिमान वाटू लागला, आणि अभिमानाबरोबर घाई आली. मिस्त्री म्हणत होते, "मागच्या ब्रेकांच्या पट्ट्या अजून बदलायच्यात. आसाच्या टोकाचं तेल त्यांच्यावर उतरतंय." मी म्हटले, "पुढच्या महिन्यात बदलू." क्रोमचा मुलामा करून झाला होता. ब्रेकच्या पट्ट्या राहिल्या होत्या. या दोन वाक्यांत माझा सारा अपराध आला.

सकाळी आम्ही दोघे निघालो. पसरणीच्या घाटाने पाचगणी म्हणजे सुमारे ६०० मीटरांची चढण. चढताना चिंता इंजिन तापण्याची. या गाडीत पाण्याचे तपमान दाखवणारा काटा नाही, आणि रेडिएटरचे झाकण दाब धरून ठेवणारे नाही. वर्गात मी मुलांना शिकवीत असे की, उंचावर हवेचा दाब कमी होतो आणि पाणी लौकर उकळते. पाचगणीच्या उंचीवर ते ९६ अंशांच्या आसपासच उकळते. वर्गातले वाक्य असे समोर येऊन उभे राहिले की त्याचा अर्थ कळतो. परंतु गाडी छान चढली. तिच्यातली आणखी एक गंमत अशी की, चालकासमोर इंजिनाचे फेरे दाखवणारे तबकडे असते आणि वेगाचे तबकडे असते शेजारच्या माणसासमोर. तेव्हा आपण किती जोरात जात आहोत हे चालकाच्या आधी शेजाऱ्याला कळते. सौभाग्यवतींना शेजारी बसवणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे.

महाबळेश्वरला चहा घेतला. तेथून परत फिरायचे ठरले होते. पण मला अंबेनळी घाटाने प्रतापगडाच्या पायथ्यावरून पोलादपूरपर्यंत उतरून पाहायची इच्छा झाली. हा उतार १,२०० मीटरांहून अधिक. आता थोडे गणित ऐका. गाडी आणि आत आम्ही दोघे मिळून सुमारे १,००० किलो वजन. ते एवढ्या उंचीवरून खाली आणायचे, आणि खाली पोहोचल्यावर वेग तर वाढता कामा नये. मग उंचीवरची ती सारी शक्ती जाते कोठे? तिची उष्णता होते. साध्या थंड पाण्याचे ३५ लिटर उकळीला आणील एवढी ती उष्णता आहे. ही सगळी जर ब्रेकांवर सोपवली, तर चार बंद डब्यांत ती कोंडते. पत्र्याची तवली चुलीवर ठेवावी तसे ते डबे तापतात आणि पट्ट्यांची पकड सुटत जाते. यावर उपाय जुना आहे. घाटातल्या कोणत्याही ट्रकवाल्याला विचारा. ज्या गिअरात घाट चढायचा, त्याच गिअरात उतरायचा. मग इंजिनच गाडीला मागे खेचून धरते आणि ब्रेकांना विश्रांती मिळते.

हे सारे मला ठाऊक होते. चाळीस वर्षे मी ते शिकवले होते. तरीही मी वरच्या गिअरात उतरत होतो. का? तर खालचा गिअर घालताना या जुन्या पेटीत क्लच दोनदा दाबावा लागतो. एकदा मधल्या रिकाम्या जागेत येण्यासाठी, मग इंजिनाचा वेग किंचित वाढवून पुन्हा गिअर घालण्यासाठी. ते जमले नाही तर दात करकरतात, आणि मिस्त्रींसमोर दात करकरवायची मला लाज वाटत होती. बंधूंनो, माणसे मोठ्या कारणांसाठी जीव धोक्यात घालतात असे आपण वाचतो. माझे कारण एवढेच होते.

चार-पाच वळणे गेली. जळका वास येऊ लागला. पुढल्या वळणाला ब्रेक दाबला तर पाय नेहमीपेक्षा खोल गेला, आणि गाडीचा वेग म्हणावा तसा उतरेना. डाव्या हाताला डोंगर, उजव्या हाताला दरी. मिस्त्रींनी समोरचे तबकडे पाहिले असावे. ते ओरडले नाहीत. एवढेच म्हणाले, "मास्तर, तिसरा घाला. वाजू द्या." मी घातला. मोठ्याने वाजला. "आता दुसरा." तोही करकरत बसला. इंजिन किंचाळले, गाडीने मान खाली घातली आणि वेग मोडला. त्याच वेळी खालून एस. टी. ची बस चढत आली. चढणाऱ्या वाहनाला आधी वाट द्यायची हा घाटाचा नियम आहे. मी हाताचा ब्रेक ओढून गाडी डोंगराकडच्या गटाराच्या काठाला घासत नेली आणि ती थांबली. बस निघून गेली. तिच्यातल्या कोणा मुलाने आमच्या सुंदर गाडीला हात हलवून दाखवल्याचे मला आठवते.

माझे पाय थरथरत होते. चाकांमधून धूर येत होता. मी पाण्याची बाटली काढली, तर मिस्त्रींनी हात धरला. तापलेल्या ओतीव लोखंडावर गार पाणी पडले तर त्याला चीर जाते. तासभर आम्ही दगडावर बसून राहिलो. ते मला बोलतील अशी माझी अपेक्षा होती. बऱ्याच वेळाने ते म्हणाले, "चूक माझी बी आहे. पट्ट्या बदलल्याबिगर मी गाडीत बसायलाच नको होतं. तुमचा हिरमोड होईल म्हणून बसलो." हे वाक्य मी विसरू शकत नाही. माझ्या हौसेला न दुखवण्यासाठी त्या माणसाने आपला जीव माझ्या हाती दिला होता. आणि मी तो गिअरचा आवाज होऊ नये म्हणून पणाला लावला होता.

त्यानंतर आमच्याकडे कामाचा क्रम ठरून गेला, आणि जुनी गाडी हाती घेणाऱ्या प्रत्येकाला मी तोच सांगतो. आधी ब्रेक, मग सुकाणू, मग चाके, मग इंजिन. रंग सर्वांत शेवटी. ब्रेकमधले तेल हवेतला ओलावा शोषते, म्हणून ते ठराविक काळाने बदलायचे. रस्त्यावर पुढच्या वाहनापासून अंतर दुप्पट ठेवायचे, कारण पुढची नवी गाडी जेवढ्या जागेत थांबते तेवढ्यात आपली थांबणार नाही. वळणाचे म्हणाल तर, वेग आणि गिअर वळणाच्या आधीच, सरळ रस्त्यावर ठरवायचे. वळणात शिरल्यावर ब्रेक मारायचा नाही. हलकेसे पेट्रोल देत, गाडीला आपल्या वजनावर बसू देत बाहेर पडायचे. बारीक चाकांची ही गाडी प्रत्येक खडा हाताला सांगते. तिचे ऐकले तर तिच्यासारखी सोबत नाही. पुढच्याच वर्षी आम्ही तोच घाट दुसऱ्या गिअरात उतरलो. ताशी तीसच्या वर काटा गेला नाही. तो माझ्या आयुष्यातला उत्तम प्रवास होता.

मिस्त्री २०२१ साली वारले. ते गेल्यावर माझ्या लक्षात आले की, वहीत प्रत्येक बोल्टाची नोंद आहे, पण नळीतून ऐकू येणारा तो फुसकार नोंदलेला नाही. तो लिहून ठेवता येत नाही. तो एका कानाने दुसऱ्या कानाला द्यावा लागतो. सुटे भाग इंग्लंडहून आजही नवे मिळतात. कान मिळत नाही. आपल्या गावात असे कितीतरी कान आणि हात आहेत. कल्हईवाले, घड्याळे दुरुस्त करणारे, वाड्यांचे सांधे जाणणारे सुतार. त्यांच्या पायाशी बसायला आपली मुले जात नाहीत, कारण आपण त्यांना पाठवत नाही. चिरेबंदी वाडे पडतात त्यांचे आपण छायाचित्र काढून ठेवतो. हे हात जातात त्यांचे काय?

सध्या औद्योगिक प्रशिक्षण संस्थेतली दोन मुले दर रविवारी माझ्याकडे येतात. मला मिस्त्रींचे निम्मेसुद्धा येत नाही. पण नळी मी जपून ठेवली आहे. गेल्या महिन्यात त्यांतल्या एकाने ती कानाला लावली, बराच वेळ ऐकले आणि म्हणाला, "सर, मागचा जास्त ओढतोय." मी ऐकून पाहिले. मला काही फरक कळला नाही. त्याने स्क्रू अर्धा वेढा फिरवला आणि इंजिन एका लयीत चालू लागले.

हे एवढेच मला सांगायचे होते.  गाडी बाहेर उभी आहे. ज्यांना पाहायची असेल त्यांनी अवश्य पाहावी. रंग नंतर पाहा. आधी खाली वाकून ब्रेक पाहा.